निकालाची वाट पाहू नकोस

चि. मृण्मयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्ज तू मुदतीच्या आत रवाना करीत आहेस हे वाचून समाधान वाटले. परंतु ‘आधी प्रवेश तर मिळू दे, मग पैशाचे पाहू’ असे जे दादाचे, तुझ्या बाबांचे, म्हणणे तू कळविलेस, त्याने मी अस्वस्थ झाले, आणि म्हणूनच हा पत्रप्रपंच.

ज्या संस्थेने अद्याप आपल्याला आपले म्हटलेले नाही तिच्यापुढे द्रव्यसाहाय्यासाठी हात पसरणे अप्रशस्त, ही भावना आपल्या घरात पिढ्यानपिढ्या मुरलेली आहे, आणि तिच्यामागील स्वाभिमानाविषयी मला आदरच आहे; पण तेथील शिरस्ता निराळा आहे. ‘कॅल ग्रँट’ या राज्याच्या अनुदानाची मुदत साधारणतः २ मार्चला संपते आणि विद्यापीठाचे बहुतेक निकाल मार्च सरता सरता हाती येतात. म्हणजे निकालानंतर अर्ज करू म्हणणारी मुलगी, प्रवेश मिळूनही, त्या अनुदानाला मुकते. शाळेने तुझ्या गुणांचा दाखला राज्याच्या कचेरीकडे पाठविला आहे की नाही, याचीही आजच चौकशी कर. तो न पोचल्यास अर्ज अपुरा राहतो.

साहाय्य मागितल्याने प्रवेशच नाकारतील, ही तुझी भीती या विद्यापीठापुरती निराधार आहे. तेथे निवड करताना कुटुंबाची ऐपत विचारात घेत नाहीत. काही खाजगी महाविद्यालये ती घेतात, हे खरे. पण साहाय्यावाचून जेथे तुला शिकताच येणार नाही, तेथे गरज लपवून मिळविलेल्या प्रवेशाचा उपयोग काय?

‘फाफ्सा’ हा केंद्र सरकारचा अर्ज एरव्ही १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो, आणि त्या एकाच अर्जात वीस महाविद्यालयांची नावे घालता येतात. दादाला त्यासाठी स्वतःचे स्वतंत्र खाते उघडून, प्राप्तिकराची माहिती परस्पर मागविण्यास संमती द्यावी लागेल. ती न दिल्यास तुला केंद्राचे साहाय्य मिळणार नाही. राहत्या घराची किंमत त्यात मोजत नाहीत, निवृत्तिनिधीही नाही. मात्र कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट मोजतात, आणि तो परदेशात आहे म्हणून वगळण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका. आजच्या बाजारभावातून कर्ज वजा करून जो आकडा येईल तो निःसंकोच लिहा. खरी हकीकत लिहिण्यात कमीपणा नाही.

उत्पन्न मात्र दोन वर्षांपूर्वीचे धरतात, आणि दादाची नोकरी तर यंदा गेली. तेव्हा अर्ज भरून झाल्यावर प्रत्येक महाविद्यालयाच्या अर्थसाहाय्य कचेरीला बदललेल्या परिस्थितीची कैफियत कागदपत्रांसह सादर करा. फेरविचाराचा अधिकार त्या कचेरीला असतो. उत्पन्नाच्या मर्यादेमुळे अनुदान हुकले तरीही केंद्राचे विद्यार्थी-कर्ज याच अर्जावर मिळते, म्हणून ‘आपल्याला काय मिळणार’ या समजुतीने तो टाळू नये. शिवाय तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो, हे आताच ध्यानात असू दे.

हे पत्र दादाला वाचून दाखव, आणि येत्या रविवारी दोघे बसून खाती उघडा. कोथरूडच्या फ्लॅटचे कागद मी उद्याच पाठविते.

तुझी,
आत्या