पोटातले पाणी कमी आहे म्हणाले, तर

सोनोग्राफीच्या कागदावर 'पाणी कमी' लिहून आले की घर घाबरते. शेजारणी म्हणतात, भरपूर पाणी पी, होईल नीट. आम्ही सांगतो, पाणी जरूर प्यावे. पण तेवढ्यावर विसंबून घरी बसू नये.

शेवटच्या महिन्यांत बाळाभोवतीचे पाणी मुख्यतः बाळाच्याच लघवीचे असते. कागदावरचा एएफआय हा आकडा ५ किंवा त्याहून खाली आला, तर पाणी कमी समजतात. आईचे बीपी वाढणे, वारेतून बाळाला पुरेसे रक्त न मिळणे, दिवस उलटणे, पाण्याची पिशवी गळणे ही त्याची कारणे असतात. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही पाणी घटू शकते. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत.

सांगितलेल्या तारखेला तपासणी चुकवू नये. डाव्या कुशीवर झोपावे. नळावरचे हंडे घरच्या पुरुषांनी भरावेत. जेवणानंतर बाळाची हालचाल मोजावी. दोन तासांत ती १० वेळा झाली नाही, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा.

डॉक्टरांनी लवकर बाळंतपण करू म्हटले, तर 'दिवस भरू द्या' म्हणून सासूबाईंनी अडवू नये. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझेरियनही मोफत आहे. खर्चाच्या भीतीने उशीर होऊ नये, एवढेच आमचे सांगणे.