कार्यालयीन संगणकजाळे : आखणी आणि नोंद

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी ठप्प झाले. कंटेनर होते, क्रेन होत्या, माणसेही होती. बंद पडले होते ते संगणक. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत शिरलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला होता आणि हे टर्मिनल त्याच उद्योगसमूहाकडून चालविले जात होते. जाळ्याच्या आत भिंती नसल्या, की एका खोलीतील आग साऱ्या वाड्याला लागते.

शाळेचे कार्यालय बंदराएवढे नसते हे खरे. पण त्यात विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे खातेक्रमांक, गुणपत्रके असतात. एका दाखल्यासाठी पालकांनी तहसील कार्यालयाच्या किती फेऱ्या मारल्या हे ज्याने पाहिले आहे, त्याला या माहितीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून यंत्रे विकत घेण्यापूर्वी जाळे कागदावर आखावे. कोणाला कोणापर्यंत पोहोचण्याची गरज आहे, हा पहिला प्रश्न. लेखा विभागाचे विद्यार्थ्यांच्या संगणककक्षात काही काम नसते. पाहुण्यांच्या मोबाइलला तर केवळ इंटरनेट हवे असते. साध्या स्विचऐवजी ‘मॅनेज्ड’ स्विच घेतल्यास त्यावर ‘व्हीलॅन’ हे स्वतंत्र विभाग पाडता येतात. कार्यालयाला १९२.१६८.१०, संगणककक्षाला १९२.१६८.२०, पाहुण्यांना १९२.१६८.३० अशी पत्त्यांची सुरुवात द्यावी. प्रत्येक विभागात २५४ पत्ते मिळतात आणि पत्ता पाहताच उपकरण कोठले ते कळते. मात्र पत्ते निराळे झाले म्हणजे भिंत उभी राहिली, असे नव्हे. विभागांमधील रहदारी फायरवॉलमधूनच जावी; तेथील मूळ नियम ‘सर्व बंद’ असावा आणि गरजेपुरत्याच वाटा उघडाव्यात.

नोंदीच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी आळस होतो. एका कार्यालयात कपाटामागे लोंबणारी निळी केबल निरुपयोगी समजून मी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचे यंत्र बंद असल्याचे कळले. केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी असती, तर एवढी फजिती झाली नसती. जाळ्याचा नकाशा, स्विचच्या कोणत्या पोर्टला कोणती खोली जोडली आहे त्याचा तक्ता, आणि फायरवॉलचा प्रत्येक नियम कोणी, केव्हा, कशासाठी केला याची वही ठेवावी. या सर्वांची छापील प्रत कपाटात असावी, कारण जाळे बंद पडल्यावर जाळ्यातील फाइल वाचता येत नाही. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नयेत. ते मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे असावेत.

मर्स्कच्या जाळ्यात कोण वापरकर्ता, त्याला कोठवर प्रवेश, हे ठरविणारे जगभरचे सर्व्हर पुसले गेले होते. वाचला तो घानामधील एकच, तोही वीज गेल्यामुळे त्या वेळी जाळ्यापासून तुटला होता म्हणून! आपण हे वीज जाण्यावर सोपवू नये. माहितीची एक प्रत जाळ्यापासून अलग केलेल्या डिस्कवर ठेवावी, दरमहा त्यातील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि पाहिल्याची तारीख त्याच वहीत लिहावी.