चर्चचा निकाल, कोर्टाचा निकाल

‘मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबास्टियन’ हा खटला 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. प्रकरण केरळमधलं. बाईचं पहिलं लग्न चर्चच्या ट्रायब्युनलने रद्द ठरवलं होतं, पण कोर्टातून ते मोडलेलं नव्हतं. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, चर्चला त्याच्या कायद्यानुसार काय ठरवायचं ते ठरवू दे, घटस्फोट कायद्यापुढे त्या निकालाला वजन नाही. बाईचं दुसरं लग्न अवैध ठरलं. कर्नाटकातल्या क्लॅरेन्स पायस यांनी पुढे जनहित याचिका करून चर्चच्या निकालांना कायद्याची मान्यता मागितली, तीही जानेवारी 2017 मध्ये फेटाळली गेली.

तरीही दादरचं पोर्तुगीज चर्च असो की गिरगावचं सेंट तेरेसा, तिथल्या कुटुंबांत आजही ‘चर्चचा डिव्होर्स झाला ना, मग झालं’ असा समज भेटतो. त्याचं एक कारण गोव्याच्या नात्यागोत्यांत आहे. पोर्तुगीज राजवटीतल्या 1946 च्या फर्मानानुसार गोव्यात चर्चने रद्द केलेलं लग्न उच्च न्यायालयामार्फत नोंदवून घेता येत असे. पणजीचा काका त्या अनुभवावरून सल्ला देतो आणि धोबीतलावचा पुतण्या तो मानतो. मुंबईत तसा रस्ता कधीच नव्हता. इथे 1869 चा घटस्फोट कायदा चालतो आणि त्याचा निकाल वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात लागतो.

हा कायदा स्त्रियांवर फार काळ अन्याय करत होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मार खाणाऱ्या बाईला नुसत्या माराच्या आधारावर सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये प्रगती व्हर्गीज खटल्यात ही अट घटनाबाह्य ठरवली. मग 2001 ची दुरुस्ती आली. नवरा-बायकोसाठी कारणं सारखी झाली आणि कलम 10अ ने परस्परसंमतीचा घटस्फोट आणला. त्यात दोन वर्षं वेगळं राहिल्याची अट लिहिलेली आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती एका वर्षावर आणली. आपल्या अर्जाला कोणती मुदत धरली जाईल, हे तारखा ठरवण्यापूर्वीच वकिलाकडून समजून घ्यावं.

चर्चमधला प्रश्न निराळाच असतो. कोर्ट विचारतं, हा संसार पुढे चालू शकतो का? ट्रायब्युनल विचारतं, लग्नाच्या दिवशी खरं लग्न लागलं होतं का? अर्जदार इथेच चुकतात. सासूचे टोमणे, दारू, मारहाण, दुसऱ्या बाईचे फोन असं सगळं तारीखवार लिहून आणतात. ते दुःख खरं असतं, पण त्यातून एवढंच कळतं की संसार मोडला. कॅथलिक कायद्यात मोडलेला संसार आणि न लागलेलं लग्न या दोन गोष्टी आहेत. त्यामुळे बघितलं जातं ते आधीचं. घरच्यांनी धमकावून उभं केलं होतं का? गंभीर आजार किंवा व्यसन मुद्दाम दडवलं होतं का? मूल नकोच, असं एकाने मनाशी पक्कं ठरवलं होतं का? लग्नाची जबाबदारी समजण्याची किंवा पेलण्याची मानसिक क्षमताच नव्हती का? नंतरचा छळही कामी येतो, पण त्याचं मूळ लग्नाआधीच्या स्वभावात होतं हे दाखवता आलं तरच.

म्हणून साक्षीदारही त्या काळातले हवेत. गेल्या वर्षी भांडण सोडवायला धावून आलेल्या शेजारणीपेक्षा, लग्न ठरताना मुलीचा रडून सुजलेला चेहरा पाहिलेली मावशी जास्त उपयोगी.

सुरुवात आपल्या पॅरिशच्या फादरपासून करावी. बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला, स्वतःच्या शब्दांत लिहिलेली हकिगत आणि साक्षीदारांची नावं लागतात. कोर्टाची डिक्री आधी हवी का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. दुसऱ्या पक्षाला कळवलं जातंच, त्याला उत्तर देण्याचा हक्क असतो. लग्न वैध होतं, ही बाजू मांडायला चर्चचाच एक अधिकारी नेमलेला असतो. त्याचे प्रश्न बोचतात, पण तो शत्रू नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या सुधारणा डिसेंबर 2015 पासून लागू झाल्या आणि दोन ट्रायब्युनलांचे सारखे निकाल लागण्याची जुनी अट गेली. पहिल्या पातळीवरचं काम वर्षभरात संपावं, अशी चर्चच्या कायद्याची अपेक्षा आहे.

आयांना एक भीती सगळ्यात जास्त छळते: लग्नच झालं नाही म्हटलं, तर मुलं अनौरस ठरतील का? चर्चच्या कायद्यात तसं होत नाही. निदान एकाने तरी प्रामाणिकपणे लग्न लागलंय असं मानलं असेल, तर मुलं औरसच राहतात. नुसता घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होतं, हेही खरं नाही. अडचण येते ती पहिलं लग्न चर्चने रद्द केलेलं नसताना दुसरं केल्यावर.

उलट बाजूचा धोका अधिक कठोर आहे. चर्चने मोकळं केलेल्या, पण डिक्री नसलेल्या माणसाने दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा. तो वारला, की कायद्याने विधवा ठरते ती पहिली बायको. 1925 च्या वारसा कायद्यानुसार मुलं असतील तर मिळकतीचा एक तृतीयांश वाटा तिचा आणि उरलेला मुलांचा. लालबागच्या खोलीत वीस वर्षं त्याच्यासोबत राहिलेली दुसरी बाई बायको म्हणून त्या वाटणीत धरलीच जात नाही. पोटगी आणि मुलांचा ताबा यांचे हुकूमही कोर्टच देतं. ट्रायब्युनल फक्त जबाबदारीची आठवण करून देतं.

दोन्ही निकाल लागले, तरी पुन्हा लग्न ठरवण्याआधी दोन कागद तपासावेत. डिक्रीची प्रमाणित प्रत घ्यावी आणि अपिलाची मुदत संपल्याची वकिलाकडून खात्री करावी. ट्रायब्युनलच्या निकालात, परवानगीशिवाय पुन्हा लग्न करू नये असा मनाईचा शेरा आहे का, ते वाचावं. असा शेरा असेल तर आधी तो उठवून घ्यावा लागतो. निकालाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही व्हायला हवी. बाप्तिस्मा वसईला झाला असेल, तर तिथल्या पॅरिशमधून नवा दाखला मागवून ती नोंद पाहून घ्यावी.