जीन्स मांड्यांपाशीच का विरते?

प्रश्न : जीन्स मांड्यांच्या आतील बाजूस लवकर का विरते आणि ती अधिक काळ कशी टिकवावी?

उत्तर : डेनिम हे तिरप्या विणीचे, म्हणजेच ट्विल प्रकारचे कापड असून त्यात निळीत रंगवलेला ताण्याचा, म्हणजे उभा धागा सहसा बाण्याच्या तीन पांढऱ्या आडव्या धाग्यांवरून व एकाखालून जातो, त्यामुळे दर्शनी बाजूस ताणाच अधिक उघडा राहतो. चालताना मांड्या एकमेकींवर घासतात, घाम व धूळ यांची त्यात भर पडते, ताणा झिजून तुटतो आणि मागे पांढऱ्या बाण्याची जाळी उरते. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेले रिव्हेट खिशांच्या शिवणी सांभाळतात, या झिजेवर मात्र त्यांचा इलाज नाही. नवेपणीच जुनी दिसावी म्हणून प्युमिस दगडांसोबत घोळवलेली जीन्स तर आयुष्याचा काही भाग कारखान्यातच गमावून येते.

जीन्स उलटी करून थंड पाण्यात धुवावी व सावलीत वाळवावी. धोक्याने बडवणे किंवा कडक ब्रशने खरवडणे म्हणजे झिजेला हातभारच होय. ताणल्या जाणाऱ्या जीन्समधील इलॅस्टेन हा लवचीक धागा उष्णतेने व क्लोरीनयुक्त ब्लीचने खराब होत असल्याने या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. कापड विरळ दिसू लागताच, भोक पडण्यापूर्वीच, आतून पातळ सुती अस्तर लावून रफू करून घ्यावे.