खोका टाकू नका!

उत्रोलीला मामाच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला. खोका? “तो बंबात गेला!” मामी म्हणाली. पण मित्रांनो, कलेक्टर मंडळींना खोका, पुस्तिका आणि कॅसेट, तिन्ही लागतं.

आपल्याकडचे असे बरेचसे गेम म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची कॉपी. त्यांच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन एनईएसच्या कॅसेटला ७२. ओरिजिनल घेताना हे आधी बघा, नाहीतर कॅसेट बसणारच नाही. खोका नव्याने छापलेला नाही ना, तेही तपासा.

पिनांवर फुंकर मारू नका (सगळ्यांनीच मारलीय म्हणा!), ओलाव्याने त्या खराब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. भोरच्या पावसात पुठ्ठा फुगतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच.

मामाच्या गेमचा रिकामा खोका मी अजून शोधतोय. कोणाच्या माळ्यावर असला तर सांगा.