पन्नास राज्यांत एक नाव

अमेरिकेत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन असे दोन मोठे पक्ष आहेत. पण स्वतःला कोणत्याही पक्षाचे न म्हणवणारे लोकही तेथे पुष्कळ आहेत. त्यांना अपक्ष मतदार म्हणतात. २०२३ मध्ये गॅलप या संस्थेने केलेल्या पाहणीत शंभरांपैकी ४३ जणांनी आपण अपक्ष असल्याचे सांगितले.

या मतदारांची अडचण काय? मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी प्राथमिक निवडणूक होते. काही राज्यांत तेथे फक्त पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येते. खर्च मात्र बहुधा सरकारी तिजोरीतून होतो. म्हणजे अपक्ष मतदार कर भरतो आणि दाराबाहेर उभा राहतो. यावर पक्ष म्हणतात, "आमचा उमेदवार आम्हीच ठरवू." त्यांचे म्हणणेही विचार करण्यासारखे आहे.

अपक्ष मतदारांना एकत्र आणणाऱ्यांमध्ये डॉ. लेनोरा फुलानी यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म १९५० मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील चेस्टर येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्या मानसशास्त्र शिकल्या. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील मुलांसाठी त्यांनी काम केले.

१९८८ मध्ये त्या न्यू अलायन्स या लहान पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. लहान पक्षाला मतपत्रिकेवर नाव आणणेच कठीण असते. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. बहुतेक ठिकाणी मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. कार्यकर्त्यांनी हे काम चिकाटीने केले. पन्नासही राज्यांत फुलानींचे नाव मतपत्रिकेवर आले. हे साधणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय उमेदवार ठरल्या. त्यांना सुमारे २ लाख १७ हजार मते मिळाली. त्या हरल्या, पण थांबल्या नाहीत.

पुढे त्यांनी व जॅकलिन सॅलिट यांनी अपक्ष मतदारांची संघटना बांधली. २००३ मध्ये न्यूयॉर्क शहरात पक्षविरहित निवडणुकीचा प्रस्ताव आला. फुलानींनी त्याला पाठिंबा दिला. पण मतदारांनी तो नाकारला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मात्र नवा नियम मंजूर केला. अध्यक्षपद सोडून बहुतेक मोठ्या पदांसाठी तेथे प्राथमिक निवडणूक सर्वांना खुली झाली.

मुलांनो, मत देणे हा हक्क आहे. पण तो सर्वांना नीट वापरता यावा, यासाठीही कोणीतरी झटावे लागते.

शब्दार्थ
अपक्ष – कोणत्याही पक्षाचा नसलेला
तिजोरी – खजिना
चिकाटी – काम न सोडण्याची वृत्ती

स्वाध्याय
१. अपक्ष मतदारांची अडचण कोणती?
२. १९८८ मध्ये फुलानींनी काय साधले?
३. पक्षांचे म्हणणे तुम्हांला पटते का? चार वाक्ये लिहा.