गुडमार : लागवड व उपयोगाची मर्यादा

कोकणातील व सह्याद्रीच्या परिसरातील रानांत झुडपांवर चढणारी गुडमार ही बहुवर्षायू वेल अनेकांच्या परिचयाची आहे. मधुनाशिनी, बेडकीचा पाला ही तिचीच नावे होत. पाने समोरासमोर, लंबगोल व लवदार असतात. फुले लहान, पिवळी व झुबक्यांनी येतात. रुई ही याच कुळातील असून गुडमारीच्या बियांनाही तसेच रेशमी तंतू असतात.

पान चावून मग साखर तोंडात घातली असता ती वाळूसारखी बेचव लागते. पानांतील जिम्नेमिक आम्ले गोड चवीची जाणीव काही वेळ थांबवितात. त्यावरूनच वेलीस हे नाव पडले. परंतु गैरसमजही येथेच होतो. जीभ फसली, तरी पोटात गेलेली साखर रक्तात उतरतेच. गुडमारीने रक्तातील साखर काही अंशी कमी झाल्याचे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. तथापि ती गोळ्यांची वा इन्सुलिनची जागा घेऊ शकते, असे सिद्ध झालेले नाही. मेथी, कारले व जांभळाची बी यांनाही हाच नियम लागू आहे.

लागवडीसाठी पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडावी. बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते, म्हणून ताजे बी किंवा पक्व फांद्यांची छाटे वापरावीत. रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावून वेलींना मांडव किंवा कुंपणाचा आधार द्यावा. पाने सावलीत वाळवावीत. रानातील वेल मुळासकट उपटू नये. अनोळखी वेलीचे पान चावून पारख करू नये. रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी घरोघर समजावून सांगाव्यात :

१. पाला सुरू केला म्हणून औषध बंद करू नये. ज्यांना इन्सुलिन अत्यावश्यक आहे, त्यांनी ते थांबविल्यास थोड्याच दिवसांत प्राण धोक्यात येतात.

२. औषधासोबत पाला घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे व रक्ततपासणी चालू ठेवावी.

३. घाम, थरथर, भोवळ ही लक्षणे दिसताच रोगी शुद्धीवर असल्यास साखरेचे पाणी द्यावे. पाला चावल्यामुळे ते गोड न लागले, तरी गुण येतो. शुद्ध हरपली असल्यास तोंडातून काहीही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

गुडमारीची लागवड अवश्य करावी. मात्र पाला विकताना ही माहितीही ग्राहकास द्यावी.